चिनी राज्यक्रांतीची आठ कारणे

प्रत्येक राज्यक्रांतीच्या मुळाशी शतकानुशतकांचं दुःख असतं, जनतेच्या मनात धुमसणारा असंतोष असतो, आणि एक दिवस तो असंतोष उसळून सिंहासनं उलथवून टाकतो. हे सगळं मिळून आठ मुद्द्यांत बसतं. सात लिहिले तर एक मार्क जातो.

"मुद्दा पहिला," पद्मिनीबाई म्हणाल्या. "मांचू राजघराण्याची परकीय सत्ता. खाली रेघ मार."

"आजी, लॅपटॉपवर रेघ नाही मारत."

"मग काय करतात?"

"बोल्ड करतात."

"कर मग बोल्ड. ठळक दिसलं पाहिजे. तपासणारा थकलेला असतो."

रुही पंधरा वर्षांची होती, अमेरिकेत बॉस्टनजवळच्या श्रूजबरीच्या हायस्कुलात दहावीत होती, आणि 'चीनमधली राजेशाही का कोसळली' यावर तिला दोन पानं लिहून न्यायची होती. दूध संपलंय हे आपण ज्या सुरात सांगतो, त्या सुरात तिनं ते स्वयंपाकघरात सांगितलं होतं. त्यावर कोणी काही करावं अशी तिची अपेक्षा नव्हती. पण तिची आजी तिथं मेथी निवडत बसली होती.

"एकोणीसशे अकराची?" बाईंनी विचारलं होतं. हातातली काडी हातातच राहिली होती.

"यू नो अबाउट इट?"

पद्मिनी दाणी नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवत होत्या. दरवर्षी तीन तुकड्या. चीनमध्ये ही क्रांती एकदाच झाली. बाईंनी ती शंभरावर वेळा घडवून आणली आणि एकदाही उशीर होऊ दिला नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी मांचू घराणं जायचं म्हणजे जायचं. त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स शहरभर फिरत. शेजारच्या कॉन्व्हेंटमधल्या मुली संध्याकाळी शिकवणीला येत, त्यांच्यासाठी बाईंनी हीच आठ कारणं इंग्रजीतही करून ठेवली होती. त्यामुळे रुहीला त्या इंग्रजीतूनच सांगत होत्या, स्वल्पविरामासकट.

यजमान गेल्यावर दोन वर्षं त्यांनी एकटीनं काढली आणि जुलैमध्ये मुलाकडे आल्या. निमिषच्या घरात त्यांना काही कमी नव्हतं. चहा घेणार का, थंडी वाजते का, बीपीची गोळी घेतली का, असं सगळे विचारत. पण ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच येतं असं काही चार महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन वाळवायचं, आठवड्याच्या भाज्या चैत्राली रविवारी करून डब्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवायची. मेथीची जुडीसुद्धा तिनं सासूबाईंना काहीतरी काम असावं म्हणून आणली होती. निवडलेली, चिरलेली मेथी फ्रीजरमध्ये होतीच. बाईंना ते माहीत होतं. चैत्रालीला, त्यांना ते माहीत आहे, हे माहीत होतं. 

तर रुहीनं विचारलं, आणि बाईंनी मेथी बाजूला सारली.

अफूची युद्धं झाली, लादलेले तह झाले. जपानकडून पराभव झाला. सुधारणा फसल्या. बॉक्सरांचं बंड मोडलं.

"मुद्दा सहावा. एकोणीसशे पाच साली सरकारी परीक्षा बंद केल्यामुळे, स्वल्पविराम, सुशिक्षित वर्गात असंतोष पसरला."

रुही थांबली. "वेट. कुठली एक्झाम?"

"सरकारी नोकरीची. तेराशे वर्षं चालू होती."

"म्हणजे लोक पूर्ण लाइफ स्टडी करत होते, आणि मग एक दिवस, नो एक्झाम?"

"हो."

"मग त्यांनी काय केलं?"

"सुशिक्षित वर्गात असंतोष पसरला."

"नो, पण काय केलं त्यांनी? लाइक, दुसऱ्या दिवशी?"

"असंतोष पसरला, रुही. पुढचं घे. मुद्दा सातवा, पूर आणि दुष्काळ."

आठव्या मुद्द्यात परदेशात राहून क्रांतीचा प्रचार करणारे सन यत्-सेन आले, तेव्हा रुहीनं दुसऱ्या खिडकीत काहीतरी शोधलं आणि हसायलाच लागली. "आजी! रेव्होल्यूशन सुरू झाली तेव्हा हा माणूस डेन्व्हरला होता. कोलोराडो! त्याला न्यूजपेपरमध्ये वाचून कळलं. दॅट्स सो फनी."

बाईंना हे माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत कधी गरज पडली नव्हती.

"ते घेऊ नको," त्या म्हणाल्या. "त्याला मार्क नाहीत."

मग त्यांनी तात्कालिक कारण सांगितलं: रेल्वेचं राष्ट्रीयीकरण, आणि वेळेआधीच चुकून फुटलेला एक बॉम्ब. मग शेवटचा परिच्छेद. 'अशा प्रकारे दोन हजार वर्षांच्या राजेशाहीचा अंत होऊन चीनमध्ये नव्या युगाची पहाट झाली.' रुहीनं पूर्णविराम दिला. बाईंनी मेथी पुढे ओढली. त्या दिवशीची भाजी निमिषनं दोनदा मागून घेतली.

शाळेची ईमेल आठ दिवसांनी आली. चैत्रालीनं ती ऑफिसातून येताना पार्किंगमध्येच वाचली आणि घरात शिरल्यावर बूट न काढता पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली. शाळेच्या सॉफ्टवेअरनुसार रुहीचा निबंध सत्त्याण्णव टक्के कृत्रिम बुद्धिमत्तेनं लिहिलेला होता. गुरुवारी अडीच वाजता पालकांनी भेटायला यावं.

"सत्त्याण्णव?" निमिष म्हणाला. "रुही, खरं सांग."

"डॅड, आय डिडन्ट! आजीनं सांगितलं, मी टाइप केलं."

"मशीन म्हणजे मी?" बाईंनी विचारलं.

"आई, ते तुझ्याबद्दल नाहीये."

"पण सांगितलं तर मीच. मग मी जाऊन सांगते की मी सांगितलं. संपलं."

"तू काही सांगू नको, आई," निमिष घाईघाईनं म्हणाला. तो अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत होता आणि त्याला कुठल्याही कागदावर घरातल्या कोणाचंही नाव आलेलं आवडत नसे. एकदा लायब्ररीनं पुस्तक उशिरा दिल्याची चिठ्ठी पाठवली होती, तीही त्यानं वकिलाला दाखवली होती. "इथे हे फार सीरियसली घेतात. अकॅडेमिक इंटेग्रिटी म्हणतात. रेकॉर्डवर गेलं तर कॉलेजपर्यंत जातं."

"पण तिनं चोरलं कुठे?"

"आपण असं करू या," चैत्राली म्हणाली. वूस्टरच्या लॅबमध्ये ती ऑडिटरांना तोंड देत असे, त्यामुळे घरात बोलायचं काय हे तीच ठरवायची. "आजीशी टॉपिक डिस्कस केला, एवढंच म्हणायचं. डिस्कस. आजी हिस्टरी टीचर होत्या, रुहीनं त्यांच्याशी डिस्कस केलं, मग स्वतः लिहिलं. ओके? रुही?"

"ओके."

"आई?"

"मी पण येईन," बाई म्हणाल्या.

निमिष आणि चैत्रालीनं एकमेकांकडे पाहिलं. नको म्हणायला दोघांनाही पटकन कारण सुचलं नाही.

गुरुवारी बाईंनी निळ्या काठाची इंदुरी साडी नेसली, वर निमिषचं जुनं स्कीइंगचं जॅकेट घातलं आणि चैत्रालीच्या गाडीत बसल्या. चौतीस वर्षं त्या पालकांना बोलावून घेत आल्या होत्या. बोलावणं यायची ही पहिलीच वेळ. रात्री त्यांनी चार वाक्यं इंग्रजीत तयार करून ठेवली होती आणि ती पाठ होती. पाठ होण्याची त्यांना कधी अडचण नव्हती.

मिस केलेहर फार तर अठ्ठावीसची असेल. ती उठून उभी राहिली, बाईंशी हात मिळवला, खुर्ची ओढून दिली. बाईंच्या मनात आलं, पोरगी चांगली आहे. तिच्या टेबलावर तपासायच्या कागदांची चळत होती, ती बघून तर त्यांना घरी आल्यासारखं वाटलं.

चैत्रालीनं ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. रुहीची आजी इतिहासाची शिक्षिका होती. रुहीनं तिच्याशी विषय डिस्कस केला. डिस्कस हा शब्द तिनं दोनदा वापरला.

"हाऊ लव्हली," मिस केलेहर म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मग तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. रुहीची दोन पानं होती. सॉफ्टवेअरला जे मशीननं लिहिल्यासारखं वाटलं ते त्यानं पिवळं केलं होतं. पहिल्या मुद्द्यापासून नव्या युगाच्या पहाटेपर्यंत सगळं पिवळं होतं. मध्येच, आठव्या मुद्द्याखाली, एक ओळ पांढरी राहिली होती.

ती म्हणाली, तिला रुहीवर आरोप करायचा नाही. सॉफ्टवेअर चुकतंही. निव्वळ शंकेवर ती कोणाला शिक्षा करणार नाही. रुहीनं हे आपणच लिहिलं असं सांगितलं, तर ती मान्य करेल आणि विषय इथेच संपेल.

रुही आपल्या बुटांकडे बघत होती. चैत्रालीनं तोंड उघडलं. हे सगळं खरोखर तिथंच संपणार होतं. पण बाई स्क्रीनकडे बघत होत्या. त्यांची आठ कारणं, त्यांचं तात्कालिक कारण, त्यांची पहाट, सगळं त्या कुठल्याशा यंत्राच्या नावावर लागलं होतं, आणि सूनबाई त्याला डिस्कशन म्हणत होती. त्या उभ्या राहिल्या. शिक्षकाशी बसून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मॅडम," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "हे मशीन नाही. यातला प्रत्येक शब्द माझा आहे. या मुलीनं फक्त उतरवून घेतलं. तिच्या मनाचा एक शब्दही यात नाही."

चार वाक्यं संपली. नागपुरात एवढ्या साक्षीवर मुलगी सुटली असती. तिथं बाई प्रगतिपुस्तकात हीच तारीफ लिहीत: सांगितलेलं तंतोतंत लिहिते.

"आई," चैत्राली हळूच म्हणाली.

"प्रत्येक शब्द?" मिस केलेहरनं विचारलं.

"प्रत्येक. स्वल्पविराम पण मी सांगते."

"नॉट द डेन्व्हर पार्ट," रुही बुटांकडे बघतच म्हणाली. "ते मी टाकलं."

तिघींनी स्क्रीनकडे पाहिलं. पांढरी ओळ डेन्व्हरची होती.

मिस केलेहरनं पेन खाली ठेवलं. ती रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. रागावलेल्या शिक्षकाशी कसं वागायचं ते त्यांना माहीत होतं. पण ती वाईट वाटल्यासारखी दिसत होती. ती सावकाश म्हणाली की दुसऱ्यानं लिहिलेलं आपल्या नावावर देणं, मग तो दुसरा मशीन असो की आजी, शाळेच्या नियमात एकच आहे. आता तिला कळलं आहे, आणि कळल्यावर न कळल्यासारखं तिला करता येत नाही. या निबंधाला शून्य द्यावं लागेल. पहिलीच वेळ आहे, म्हणून ते ती आपल्यापाशी ठेवेल. ऑफिसात कळवणार नाही.

"पण उत्तर बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"हो, बरोबर आहे. सगळं बरोबर आहे." मिस केलेहरनं स्क्रीन परत वळवून घेतली. मग, एका शिक्षिकेनं दुसरीला विचारावं तसं, तिनं विचारलं, "या आठांतलं तुम्हाला कुठलं महत्त्वाचं वाटतं?"

"आठही. प्रत्येकाला एक मार्क."

"पण तुम्हाला? तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. मी मुलांना सांगते, 'मला वाटतं' असं लिहून सुरुवात करा. मग पुढचं आपोआप येतं."

"मी त्याच्यावर लाल रेघ मारते," बाई म्हणाल्या. "आपल्याला काय वाटतं त्याचं इतिहासाला काही नसतं."

मिस केलेहर हसली. बाईंनी ते विनोद म्हणून सांगितलं नव्हतं. निघताना तिनं त्यांच्या हातात प्रश्नाचा छापील कागद ठेवला. "तुमचं उत्तर मला वाचायला आवडेल," ती म्हणाली. "खरंच. मार्कांसाठी नाही."

रूट नाइनच्या सिग्नलला गाडी बराच वेळ उभी होती. रुही मागे कानात काहीतरी घालून बसली होती.

"आई," चैत्राली समोर बघत म्हणाली, "तुम्ही चांगल्या मनानं केलंत, मला कळतं. पण इथे ते चालत नाही."

"काय चालत नाही?"

"दुसऱ्याचं उतरवून घेणं."

"मग शिक्षक कशाला असतात?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला नाही, इथे देत नाहीत. तो नुसता वाट बघत राहिला.

घरी निमिष आवाज चढवून बोलला नाही. तो एवढंच म्हणाला, "आई, यापुढे तिच्या होमवर्कमध्ये नको पडू. प्लीज." आणि मग थोडं थांबून, "तू काय करून राहिली होती तिथे, तुला काही बोलू नको म्हटलं होतं ना." अमेरिकेत अठरा वर्षं राहूनही तो चिडला की नागपूरचा व्हायचा. बाई 'बरं' म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी तो कागद काढला. एकाहत्तराव्या वर्षी त्यांना गृहपाठ मिळाला होता, आणि मिळालेला गृहपाठ त्यांनी जन्मात चुकवला नव्हता. जेवणाच्या टेबलावर वही उघडून त्यांनी वर तारीख घातली, समास सोडला आणि लिहिलं: 'मला वाटतं'.

पुढचं आपोआप आलं नाही.

त्यांनी आठही कारणं एकेक करून मनात म्हटली. ती न अडखळता आली. पण कुठल्याच कारणाआधी ते दोन शब्द बसेनात. ही आठ त्यांना त्यांच्या आधीच्या सुमतीबाईंनी दिली होती. सुमतीबाईंना त्यांच्या आधी कोणीतरी दिली असणार. चौतीस वर्षांत कोणी कधी नवव्या कारणाबद्दल विचारलं नव्हतं. त्यांनीही नाही. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी फुलं दिली आणि एक माजी विद्यार्थिनी भाषणात म्हणाली, बाईंची वाक्यं आम्हाला अजून जशीच्या तशी आठवतात. बाई तेव्हा रडल्या होत्या. आता त्यांना त्या मुलीचं नाव आठवेना. तिला वाक्यांखेरीज आणखी काही आठवत होतं का, हेही त्यांनी तिला विचारलं नव्हतं.

मग त्यांना रुहीचा सहाव्या मुद्द्यावरचा प्रश्न आठवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं?

त्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस आला. चिनी माणूस त्यांनी जवळून असा पाहिला नव्हता, त्यामुळे त्याचा चेहरा बराचसा त्यांच्या हेडमास्तरांसारखा होता. त्याला सगळं पाठ होतं. पहाटे उठायची सवय जाईना, म्हणून तो उठला असेल. कुंचले धुतले असतील. पाठ केलेलं एकदा म्हणून बघितलं असेल. एकही शब्द चुकला नसेल. मग त्याला आठवलं असेल. घरात कोणी त्याला वाईट बोललं नसेल. सकाळचं उन्ह अंगणात आल्यावर सुनेनं त्याच्यापुढे काहीतरी निवडायला आणून ठेवलं असेल.

 हे कुठल्या मुद्द्याखाली घालायचं ते त्यांना कळेना. असंतोष म्हणावा तर तो माणूस काही बोलतच नव्हता. शेवटी त्यांनी 'मला वाटतं' यावर एक सरळ रेघ मारली आणि वही मिटली. साडेतीनला पिवळी बस वळणावर आली तेव्हा टेबल पुसून झालं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला रुहीला रशियाची राज्यक्रांती आली. बाईंना ते जेवताना कळलं. रशियाची कारणं नऊ होती. जेवण झाल्यावर त्या वर गेल्या, रुहीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, ती पलंगावर पालथी पडून टाइप करत होती. बाई दारात उभ्या राहिल्या.

"काही लागलं तर..."

"आय गॉट इट, आजी," रुही म्हणाली. तिनं मान वर करून छान हसून म्हटलं. आजीला वाईट वाटू नये याची तिला घरातून ताकीद होती. "यू कॅन सिट हिअर इफ यू वाँट."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. रुही टाइप करत राहिली. तिचा पहिला शब्द 'आय' होता, दुसरा 'थिंक'. एवढं बाईंना चष्म्याशिवायही दिसलं. मग ती भराभर पुढे गेली. मध्येच काहीतरी खोडलं, स्वतःशीच हसली, पुन्हा लिहिलं. स्वल्पविराम चुकत होते.  थोड्या वेळानं पाय गार पडले तेव्हा त्या उठून आपल्या खोलीत गेल्या.

व्हिजावर मिळालेले सहा महिने जानेवारीत संपत होते. निमिषनं वाढवून घेऊ या का म्हणून विचारलं. फॉर्म भरावा लागेल, पण भरता येईल. बाई म्हणाल्या, नको, नागपूरला थंडी चांगली असते आता. चैत्रालीनं दोन बॅगा भरून दिल्या. बॉस्टनच्या विमानतळावर रुहीनं आजीला घट्ट मिठी मारली आणि ती थोडी रडलीसुद्धा. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसानं तोवर घड्याळात पाहिलं नाही.

फेब्रुवारीत रुहीचं सेमिस्टरचं प्रगतिपत्रक आलं. इतिहासात 'ए' होता. निमिषला वाटलं शाळेची काहीतरी चूक झाली, आणि चूक आपल्या बाजूची असली तरी ती कागदावर आहे, म्हणून त्यानं मिस केलेहरला लिहिलं. तिचं उत्तर त्याच दिवशी आलं. तिच्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याचा सर्वांत कमी मार्कांचा एक होमवर्क दर सेमिस्टरला धरतच नाहीत. तसं सप्टेंबरात घरी पाठवलेल्या कागदावर छापलेलं होतं, आणि त्या कागदावर खाली पालक म्हणून निमिषची सही होती.